दोन स्तंभांची शाळा : बाळशास्त्री जांभेकर

६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ या पत्राचा पहिला अंक प्रसिद्ध झाला. त्याच्या पृष्ठावर दोन उभे स्तंभ होते. एकात इंग्रजी मजकूर होता, तर शेजारच्या स्तंभात मराठी. अनेक भाषा बोलणाऱ्या एका व्यापारी शहराची सोय, एवढाच या मांडणीचा अर्थ प्रथमदर्शनी जाणवतो. परंतु या पत्राचे संपादक व्यवसायाने शिक्षणखात्याशी निगडित होते, त्यांचे वय अवघे विशीच्या घरात होते, आणि दर पंधरवड्याला इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्द उभा करण्याचे दायित्व त्यांनी आपण होऊन पत्करले होते. वाचकांना जे शब्द ते शिकविणार होते, त्यांपैकी अनेक शब्द त्यांना स्वतःलाच प्रथम शिकावे, शोधावे किंवा घडवावे लागणार होते.

बाळशास्त्री जांभेकर यांना आद्य मराठी पत्रकार म्हणण्याचा प्रघात आहे. महाराष्ट्रात ६ जानेवारी हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो, तोही या अंकाच्या स्मरणार्थ. हा गौरव यथार्थच आहे. तथापि त्यांच्या चौतीस वर्षांच्या आयुष्याचा क्रम पाहिला, तर त्यातील अखंड सूत्र अध्यापनाचे असल्याचे दिसून येते. वृत्तपत्र हे त्यांच्या लेखी शाळेचेच एक विस्तारलेले दालन होते, आणि त्या दालनात शिकविला जाणारा मुख्य विषय होता मराठी भाषेची नवी शब्दसंपत्ती.

त्यांचा जन्म १८१२ साली कोकणातील पोंभुर्ले या गावी झाला. हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात मोडते. वडील गंगाधरशास्त्री पुराणिक म्हणून परिचित होते. घरातच संस्कृत अध्ययनाचा पाया घातला गेला. पुराणिकाच्या घरात वाढणाऱ्या मुलाला एक गोष्ट सहज उमगते. ग्रंथ एकजण वाचतो, पुष्कळजण ऐकतात, आणि कठीण शब्द आला की त्याचा अर्थ लोकांच्या बोलीत सांगावा लागतो. संस्कृत आणि प्राकृत यांच्यामधला हा पूल महाराष्ट्रात ज्ञानेश्वरांच्या काळापासून उभा होता. बाळशास्त्र्यांच्या पिढीसमोर मात्र पुलाचे दुसरे टोक बदलले होते. १८१८ साली पेशवाईचा अस्त झाला, राज्यव्यवहार इंग्रजांच्या हाती गेला, आणि ज्या ग्रंथांचा अर्थ सांगावयाचा ते आता न्यूटनच्या गणिताचे, युरोपच्या इतिहासाचे आणि पृथ्वीच्या भूगोलाचे होते.

त्या काळची मराठीही एकजिनसी नव्हती. कचेरीच्या आणि वसुलाच्या मराठीत फार्सी-अरबी शब्दांचा भरणा होता. पाठशाळेतील शास्त्रीमंडळींच्या मराठीत संस्कृताचे प्राबल्य होते. संतवाङ्मयाची मराठी सर्वांच्या कानांवर होती, पण ती पद्याची होती. घराघरांत आणि बाजारात चालणारी बोली प्रांताप्रांतांत निराळी होती. बखरी आणि पत्रव्यवहार यांच्यामुळे गद्याची सवय होती खरी, परंतु रसायन, वीज, राज्यघटना किंवा लोकमत यांविषयी सलग निवेदन करण्याचा प्रसंग त्या गद्यावर आलेला नव्हता. मराठी पुढे कोणत्या शब्दांनी विचार करणार, हा प्रश्न त्या पिढीसमोर होता, आणि त्याचे उत्तर कोणत्याही एका परंपरेत तयार नव्हते.

१८२५च्या सुमारास बाळशास्त्री मुंबईस आले आणि सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्या आश्रयाने त्यांचे इंग्रजी शिक्षण सुरू झाले. छत्रे हे मुंबईतील शिक्षणमंडळीचे देशी चिटणीस होते. १८२२ साली शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी स्थापन झालेली ही संस्था पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने प्रसिद्धीस आली. छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि इसापनीतीच्या कथा ही भाषांतरित पुस्तके १८२८ साली निघाली आणि मराठी मुलांच्या हाती छापील गद्य आले. शास्त्रीमंडळींनी रचलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ पासून छापला जाऊ लागला, आणि १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. बाळशास्त्र्यांचे विद्यार्थिदशेतील दिवस अशा वातावरणात गेले, की जेथे शब्द गोळा करणे, तोलणे आणि छापणे हा रोजचा उद्योग होता. या संस्थेतच त्यांना प्रथम दुय्यम चिटणिसाचे व पुढे चिटणिसाचे काम मिळाले.

येथे कोशांच्या इतिहासातील एक तपशील ध्यानी घेण्याजोगा आहे. मोल्सवर्थचा १८३१चा कोश मराठी शब्दाचा इंग्रजी अर्थ देतो. त्याचा उपयोग मुख्यतः मराठी शिकणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याला होई. इंग्रजी शब्दास मराठी प्रतिशब्द देणारा मोल्सवर्थ आणि कँडी यांचा मोठा कोश १८४७ साली बाहेर पडला. व्हान्स केनेडी यांच्या १८२४च्या कोशात इंग्रजी-मराठी भाग होता, पण त्याचा आवाका मर्यादित होता. म्हणजे ‘दर्पण’चा संपादक ज्या दिशेने रोज चालत होता, त्या दिशेचा विस्तृत कोश त्या पत्राच्या हयातीत अस्तित्वात नव्हता, आणि तो तयार झाला तेव्हा संपादकाच्या मृत्यूला वर्ष होत आले होते. कोशकारांना वर्षांचा अवधी असतो. संपादकाला अंकाच्या तारखेपर्यंतचाच अवधी होता.

‘दर्पण’ची योजना १८३१च्या नोव्हेंबरात जाहीर झाली. बाळशास्त्र्यांना या कामी गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांचे साहाय्य लाभले. पाश्चात्त्य विद्या देशी लोकांत पसराव्यात आणि देशाच्या उत्कर्षाचा विचार लोकांनी मोकळेपणाने करावा, असे हेतू पत्राच्या प्रारंभीच मांडण्यात आले होते. पत्र प्रथम पाक्षिक होते. ४ मे १८३२ पासून ते साप्ताहिक झाले आणि २६ जून १८४० पर्यंत चालले. भारतीय भाषांतील वृत्तपत्रे तोवर नवी राहिली नव्हती. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८१८ साली बंगालीत ‘दिग्दर्शन’ हे मासिक आणि ‘समाचार दर्पण’ हे साप्ताहिक सुरू केले होते. राममोहन रॉय यांची ‘संवाद कौमुदी’ १८२१ साली निघाली. खुद्द मुंबईत फर्दुनजी मर्झबान यांनी १८२२ साली गुजराती ‘मुंबई समाचार’ काढले, आणि १८२६ साली कलकत्त्यातून ‘उदन्त मार्तण्ड’ हे हिंदी पत्र अल्पकाळ प्रकाशित झाले. बाळशास्त्र्यांनी आपल्या पहिल्या पत्रास ‘दर्पण’ आणि १८४० साली काढलेल्या मासिकास ‘दिग्दर्शन’ ही नावे दिली. बंगाली भाषा त्यांना अवगत होती, हे लक्षात घेता हा नामसादृश्याचा जोड निव्वळ योगायोग मानणे कठीण जाते. शब्द शेजारच्या भारतीय भाषांतूनही घेता येतात, ही जाण या नावांतून प्रकट होते.

हे पत्र वाचणार कोण, हा प्रश्न त्या वेळी केवळ शाळांच्या संख्येचा नव्हता. गावोगावच्या पंतोजींच्या शाळांत मुले मोडी अक्षर आणि हिशेब शिकत. व्यवहाराचे सारे कागद मोडीत असत. छापील पुस्तक आणि पत्र मात्र बाळबोध लिपीत येई, आणि ती लिपी लोकांना मुख्यतः पोथीपुरती ठाऊक होती. कचेरीतला कुशल कारकूनही छापील गद्य वाचताना अडखळे, तर पोथी सफाईने वाचणाऱ्या शास्त्र्याला त्या गद्यातील विषय अपरिचित असत. अशा वाचकासमोर साक्षरतेच्या तीन पायऱ्या एकदम उभ्या राहत. अक्षर ओळखणे, गद्यातील लांब वाक्याचा अन्वय लावणे आणि नव्या शब्दाचा अर्थ जाणणे. ‘दर्पण’च्या मराठी स्तंभाला या तिन्ही पायऱ्यांवर वाचकाचा हात धरावा लागे.

या कामी वृत्तपत्राच्या स्वरूपातच एक शैक्षणिक सामर्थ्य होते. कोशातील शब्द एकटा उभा असतो. पाठ्यपुस्तकातील शब्द धडा संपला की मागे पडतो. वृत्तपत्रातील शब्द पुढच्या अंकात पुन्हा भेटतो, तोही वेगळ्या घटनेच्या संगतीत. गव्हर्नराचा एक हुकूम, एका न्यायालयाचा निवाडा, परदेशातील एखादी लढाई किंवा यंत्राचा शोध यांविषयीची वार्ता वाचताना वाचकाचे कुतूहल घटनेकडे लागलेले असते आणि शब्द नकळत अंगवळणी पडतो. देशोदेशीच्या बातम्या, मुंबईतील घडामोडी, ज्ञानविषयक लेख आणि वाचकांची पत्रे अशा विविध मजकुराने ‘दर्पण’ने ही पुनरावृत्ती घडवून आणली. इंग्रजी शिकणाऱ्या तरुणाला शेजारचा स्तंभ भाष्यासारखा उपयोगी पडे. मराठीच जाणणाऱ्याला तो स्वतंत्रपणे वाचता येई. वाचकांची पत्रे छापली जाऊ लागली, तेव्हा तर कालपर्यंत नवे शब्द केवळ वाचणारा मनुष्य ते लिहू लागला. शब्द शिकल्याची याहून खात्रीची परीक्षा कोणत्याही शाळेत होत नाही.

प्रतिशब्दांसाठी तत्कालीन मराठी लेखकासमोर तीन वाटा होत्या. कायदा, अर्ज, वकील, सरकार यांसारखे कचेरीतील शब्द लोकांच्या तोंडी होतेच. राज्यव्यवहाराच्या वार्तेसाठी ते पुरेसे होते. गव्हर्नर, कोर्ट, कौन्सिल यांसारखे इंग्रजी शब्द उच्चारासह आत येत होते आणि त्यांना अडविणे व्यर्थ होते. शास्त्रीय विषयांसाठी मात्र संस्कृताकडे वळावे लागे, आणि तेथे खरी कसोटी लागे. कारण संस्कृत शब्द शुद्ध असला तरी वाचकाला तो इंग्रजी शब्दाइतकाच परका असू शकतो. बाळशास्त्र्यांनी ही अडचण कशी हाताळली, याचे एक बोलके उदाहरण त्यांच्या गणितविषयक पुस्तकात आढळते. युरोपीय गणितातील जी शाखा आज मराठीत कलन या नावाने ओळखली जाते, तिच्यावरील पुस्तकास त्यांनी ‘शून्यलब्धि’ असे नाव दिले. लब्धि ही भागाकाराच्या फळासाठी भारतीय गणितात रूढ असलेली जुनी संज्ञा. शून्याकडे जाणाऱ्या राशींच्या भागाकारातून जे फळ हाती लागते त्याचे गणित, असा त्या नावाचा अन्वय लावता येतो. या नावात मूळ युरोपीय शब्दाचे भाषांतर नाही. विषयाचे मर्म जाणून घेऊन, लीलावतीच्या परंपरेतील विद्यार्थ्याला ओळखीच्या वाटेल अशा शब्दाने ते सांगण्याचा प्रयत्न आहे. शिक्षकाने घडविलेला शब्द तो हाच. तो रूढ झाला नाही, हेही तितकेच खरे.

याच काळात त्यांचे प्रत्यक्ष अध्यापनही चालू होते. अक्कलकोटच्या राजपुत्राचे शिक्षक म्हणून त्यांनी काही काळ काम केले. १८३४ साली एल्फिन्स्टन विद्यालयात साहाय्यक प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या पदावर पोहोचलेले ते पहिले भारतीय होत. गणित आणि ज्योतिष हे त्यांचे विशेष विषय. कुलाबा वेधशाळेचा कारभारही त्यांनी काही काळ सांभाळला. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड, केरो लक्ष्मण छत्रे ही नावे त्यांच्या विद्यार्थ्यांत घेतली जातात. संस्कृत, इंग्रजी, बंगाली, गुजराती, कन्नड, तेलुगू, फार्सी, फ्रेंच, लॅटिन आणि ग्रीक अशा अनेक भाषांशी त्यांचा परिचय होता. नीतिकथा, इंग्लंडचा व हिंदुस्थानचा इतिहास, भूगोल, बालव्याकरण अशी शालोपयोगी पुस्तके त्यांनी लिहिली. प्राचीन ताम्रपट व शिलालेख यांवरील त्यांचे निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुसट झालेल्या अक्षरांतून जुना शब्द वाचणे आणि परक्या शास्त्रासाठी नवा शब्द योजणे, ही दोन्ही कामे एकाच मनुष्याच्या मेजावर होत होती.

तरीही या दुहेरी जीवनात एक ताण होता. विद्यालयात त्यांना जे शिकवावे लागे ते मुख्यतः इंग्रजीतून. ज्या तरुणांना ते उत्तम शिकवीत, त्यांना मराठी स्तंभाची गरज उत्तरोत्तर कमी भासणार होती. द्वैभाषिक पत्रातही हाच धोका होता. मराठी स्तंभ इंग्रजीच्या शेजारी कायमचा टीकेसारखा राहिला, तर मराठीतून स्वतंत्र विचार कधी सुरू होणार? १८४० साली ‘दर्पण’ थांबले. त्याच वर्षी बाळशास्त्र्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले. त्यात भूगोल, इतिहास, रसायन, पदार्थविज्ञान, गणित, व्याकरण अशा विषयांवर मराठीतून लेखन येऊ लागले. शेजारी आता इंग्रजी स्तंभ नव्हता. पुढच्याच वर्षी, १८४१ साली, भाऊ महाजनांनी ‘प्रभाकर’ हे साप्ताहिक काढले. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासून त्यातच प्रसिद्ध झाली. आठ वर्षे दोन स्तंभांत घडलेली भाषा एका स्तंभात उभी राहू शकते, याची ही खूण होती.

नव्या शब्दांची किंमत प्रत्यक्ष जीवनात मोजावी लागते, याचा अनुभव त्यांना १८४३ साली आला. श्रीपाद शेषाद्री हा ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांच्या सहवासात राहिला होता. त्याचा वडील भाऊ ख्रिस्ती झाला होता. न्यायालयाच्या निर्णयाने श्रीपाद वडिलांच्या ताब्यात परत आला, तेव्हा त्यास प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे, असा पक्ष बाळशास्त्र्यांनी धर्मशास्त्राच्या आधारे घेतला. सनातनी मंडळींनी त्यांस कडाडून विरोध केला आणि बहिष्काराचा प्रसंग त्यांच्यावर ओढवला. विधवांच्या पुनर्विवाहासारख्या प्रश्नाची चर्चा ज्यांनी आपल्या पत्रातून होऊ दिली होती, त्यांना ती चर्चा आता आपल्या घराच्या उंबरठ्यावर भोगावी लागली. लक्षणीय गोष्ट ही, की या वादात त्यांनी शास्त्राचीच परिभाषा वापरली. विरोधकांना समजेल अशा शब्दांत नवा विचार सांगणे, ही त्यांची अध्यापनरीती येथेही कायम होती.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांचे लक्ष शिक्षकांच्या शिक्षणाकडे वळले. सरकारी मराठी शाळांच्या तपासणीचे काम त्यांनी केले, आणि १८४५ साली शिक्षक तयार करण्यासाठी निघालेला अध्यापनवर्ग त्यांच्या देखरेखीखाली चालला. एका पत्राचे वाचक मोजके असतात. परंतु नवे शब्द शिकलेला एक शिक्षक खेड्यात गेला तर ते शब्द वर्षानुवर्षे मुलांच्या तोंडी राहतात, हा विचार या वळणामागे स्पष्ट दिसतो. त्याच वर्षी, १८४५ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शिळाप्रेसवरील आवृत्ती प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाची ही पहिली मुद्रित प्रत होय. ज्या मराठीला ते इंग्रजीतून आलेल्या ज्ञानासाठी शब्द देत होते, तिचे सहा शतकांपूर्वीचे शब्दभांडार त्यांनी छापून वाचकांच्या हाती दिले. शास्त्रविचार मराठीत मांडणे शक्य आहे की नाही, या शंकेला याहून समर्पक उत्तर देणे अवघड होते.

मे १८४६ मध्ये अल्पशा आजाराने मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यानंतरची दोन-तीन वर्षे मुंबई इलाख्यातील शिक्षणाच्या दृष्टीने निर्णायक ठरली. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे, असा एर्स्किन पेरी यांचा आग्रह होता. देशी भाषांचा पक्ष जॉर्ज जर्व्हिस यांनी घेतला, आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यासह मंडळाचे भारतीय सभासद त्यांच्या बाजूने उभे राहिले. या वादात इंग्रजीचे पारडे जड झाले. मराठीतून गणित, ज्योतिष आणि पदार्थविज्ञान लिहून दाखविलेला मनुष्य त्या वेळी हयात असता, तर देशी भाषांच्या पक्षाला एक जिवंत पुरावा मिळाला असता.

त्यांच्या शब्दांचे पुढे काय झाले, याचे उत्तर संमिश्र आहे. शून्यलब्धि हा शब्द आज गणिताच्या इतिहासकारालाच ठाऊक असतो. अनेक शास्त्रीय संज्ञा पुढील काळात पुन्हा नव्याने घडविल्या गेल्या, काही तर एकाहून अधिक वेळा. त्यांचे चरित्र व लेखन तीन खंडांत संकलित होऊन १९५० साली प्रसिद्ध झाले, तोवर मृत्यूला एक शतक उलटले होते. परंतु त्यांची रीत टिकली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत प्रसिद्ध केली, ती गुरूंच्याच वाटेने. वृत्तपत्राने रोजच्या वार्तेबरोबर नवा शब्द द्यावा, वाचकाने तो घटनेच्या संदर्भात शिकावा, आणि पुढे स्वतःच्या पत्रात वा लेखात वापरावा, ही सवय मराठी समाजाला लागली. शतपत्रांच्या लेखकाला आणि त्यांच्या वाचकांना जी भाषा परस्परांशी बोलण्यासाठी तयार मिळाली, तिचा बराचसा अभ्यास ‘दर्पण’च्या दुसऱ्या स्तंभात आठ वर्षे चालला होता.